डाव्या बाजूची चटई

ब्रेक किंचाळला तो भेरूघाटात नाही,
घरासमोर, गेटात वळताना.
समोरच्या सिंधी आजोबांनी पेपर खाली करून पाहिलं, इतक्या जोरात.
घाटात तो गप्प होता.
घाटात सगळेच गप्प असतात.

रईस मिस्त्रीने चाकं उतरवली, पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवले.
उजवे अजून बिस्किटाएवढे जाड. डावे म्हणजे
साबणाची शेवटची चिपटी,
नव्या वडीला चिकटवतो ती.
"पिन जाम थी मैडम, एक तरफ़ का ही घिस रहा था."
मी मान हलवली.
अशी घरं माझ्या पाहण्यात आहेत.

मग डिस्क. कडेला नख लावून बघा, म्हणाला.
नख अडकलं. ताटाला असतो तसा काठ,
मधलं सगळं झिजून खाली गेलेलं.
व्हर्नियर म्हणाला चौदा पूर्णांक सहा.
लोखंडात कोरलं होतं: किमान सोळा.
"लेथवर घासून घेऊ, तीनशेत भागेल,"
जनार्दन म्हणाला. सदतीस वर्षं बँकेचा कॅशियर.
रईस हसला नाही. "सर, जो बचा ही नहीं, उसको क्या घिसेंगे?"

छोटी ग्वालटोलीत छाबडांच्या काउंटरवर तीन खोके.
एकावरचा होलोग्राम वाकडा, कंपनीच्या नावातलं एक अक्षर गायब,
जनार्दनला तो सगळ्यात आवडला.
एक सिरॅमिकचा. आवाज नाही, काळी धूळ नाही.
त्याची किंमत ऐकून जनार्दन फुटपाथवर जाऊन आभाळ बघून आला.
छाबडांनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
"चलाती कहाँ हो, बहनजी?"

हे अजून कोणी विचारलंच नव्हतं.

दर शनिवारी सिमरोल, मग घाट, मग बडवाह.
नणंद अंथरुणावर आहे, तिच्या उशाशी दोन तास.
जाताना उतार. पुढे कपाशीचा ट्रक,
मागे खंडव्याची बस, हॉर्नवर हात ठेवून जन्मलेली.
शेजारी हा.
काचबिंदूने याच्या नजरेच्या कडा खाल्ल्या,
तेव्हापासून स्टिअरिंग माझ्याकडे.
मधलं दिसतं त्याला. बाजूचं नाही.
दरी बाजूलाच असते.

छाबडांनी तिसरा खोका पुढे सरकवला.
"मेटलवाला लो. थोड़ा बोलेगा.
पर गरम होकर भी पकड़ेगा."
डिस्कची जोडी त्याच कंपनीची. पक्कं बिल.
जनार्दनने नोटा दोनदा मोजल्या, तिसऱ्यांदा बोटाने.

संध्याकाळी रईसने सगळं बसवलं,
पिनांना ग्रीस, तेल नवं,
आणि जाता जाता चटया झटकल्या.
डाव्या बाजूची झटकताना थांबला.
रबरात भोक. चवड्याएवढं, बरोबर तिथे,
जिथे कंपनीने काहीच दिलेलं नाही.
"सर, इधर तो ब्रेक है ही नहीं."
जनार्दन चष्मा पुसत राहिला, मग पुसलेला पुन्हा पुसला.
मी म्हणाले, राहू दे रे. तीच घाल.

पहाटे साडेपाचला बायपास.
नव्या पॅडना डिस्कची ओळख करून द्यायची असते:
साठवरून दहावर आणा, पूर्ण थांबू नका,
असं वीस वेळा. मध्ये थोडं निवू द्या.
हा मोजतोय, मोठ्याने, नोटांसारखं.
अकराव्याला वास आला.
"जळतंय."
"जळू दे. सांगितलंय त्याने."
बारा. तेरा.
दर वेळी माझा पाय इकडे,
तिकडे त्याचा, भोकात.
सतरानंतर दुधाचा टेम्पो आडवा गेला आणि त्याचा आकडा हरवला.
मी म्हणाले, पंधरा झाले.
कॅशियर होता, पण मानलं त्याने.
पुन्हा साठ. पुन्हा दाबला,
दोघांनी.