मोठं काढा

बँकेनं चेक परत केला.
सही जुळत नाही म्हणे.
बरोबर आहे त्यांचं.
जुनी सही ऐसपैस,
‘प’च्या दांड्याला पाठ टेकून माणूस बसेल एवढी.
आताची, मुंग्यांनी ओढत नेलेली.

मी परशराम मुचंडीकर, पाट्या रंगवणारा.
खडेबाजारापासून पार शहापूरपर्यंत
साड्या, सायकली, कुंदा, दातांचा दवाखाना;
वर कन्नड खाली मराठी,
वर मराठी खाली कन्नड,
जसे दिवस, जसं गिऱ्हाईक.
रात्री कुणीतरी डांबर फासायचं,
सकाळी मालक माझ्याच दारात.
एकाच पाटीची दोनदा मजुरी घेतलीय मी,
खोटं कशाला बोला.

आता ब्रश धरला की ओळ
सुरू होते विटेएवढी, संपते तिळाएवढी.
पायांचंही तेच.
टपरीपर्यंत पावलं अर्धी, पाव, आणि
दारात आलं की चिकटतातच.
दार उघडं असतं. कुणी अडवलेलं नसतं.
मागची माणसं खोकतात.

मंगळवारी आणि शुक्रवारी वडगावच्या हॉलमध्ये
आम्ही अकरा जण,
आणि पूर्णिमा बडिगेर, वय सव्वीस,
तिच्या ओढणीला कायम कुणाचा तरी हात अडकलेला.
“अज्जा, दोड्डदू! इन्नू दोड्डदू!”
हात मोठा. पाऊल मोठं. आवाज मोठा.
उठताना आधी नाक पुढं, मग कंबर,
‘आऽऽ’ म्हणायचं ते गल्लीतलं कुत्रं उठेपर्यंत.
भिंतीपलीकडं यंत्रमाग,
खटाक् खटाक्, त्या तालावर आम्ही चालतो,
अकरा म्हातारे, बिनसाडीचे विणकर.
परवा वीज गेली.
माग थांबले,
आणि आमच्यातले चौघं तिथंच, एक पाय हवेत ठेवायच्या बेतात.
मग तीच मोजू लागली,
ओंदू, एरडू, मूरू.

फरशीवर तिनं पिवळ्या पट्ट्या चिकटवल्यात.
आमच्या भागात रेष म्हटली की माणूस थांबतो,
भांडतो, निदान खटला तरी भरतो.
इथं रेष दिसली की पाय सुटतो.
का, ते तिलाही नीट सांगता येईना.

मल्लाप्पा, जन्मभर बस चालवलेला, माझ्या शेजारचा,
एकदा चहा सांडत सांडत म्हणाला,
“पेंटर, तुमच्या एका पाटीवरचं डांबर माझं असंल बघा.”
“कुठली?”
“आठवत न्हाई. भाषाबी आठवत न्हाई.”
हसला असावा.
चेहऱ्यापर्यंत ते पोचलं नाही, पोटापर्यंत पोचलं.

शेवटची दहा मिनिटं माझी.
बादली, पाणी, चार इंची ब्रश, मागची काळी भिंत.
खांद्यातून, मनगटातून नाही,
‘ळ’ काढायचा, माणसाएवढा.
पहिला वाटोळा घेर होईपर्यंत दुसरा वाळतो.
पुन्हा.
पोरगी म्हणते, तिच्याकडंही हे अक्षर आहे,
वळण निराळं.
ती काढून दाखवते. मी तिची रेष सुधारतो,
सवयीनं.

घरी उंबऱ्याशी बायकोनं
लाल टेप लावलीय तीन पट्ट्या, फुटपट्टीनं मोजून.
हात धरून म्हणते, चला, एक... दोन...
पाय ढिम्म.
“काय करूलालासा? एक म्हटलं की!”
मी म्हणतो, थांब जरा.
ओंदू म्हण.
ती माझ्याकडं बघते, गल्लीकडं बघते,
आणि हळूच म्हणते.
“मोठ्यानं,” मी म्हणतो.