दुसरा हात

रेइनो, तुझा रंगाचा हात आज निघाला.
अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यातला, तीन इंची ब्रशचा,
खिडकी बंद, रेडिओवर बेसबॉल,
आणि नंतर दोन दिवस डोकं धरून बसणं.
टब पांढरा झाला होता, हे खरं.
पण कडेवरून ओघळ उतरले होते
मेणबत्ती वितळावी तसे.
मी बोट ठेवून दाखवले.
तू म्हणालास, कोणाला दिसतंय?

दिसण्याचं सोड.
पस्तीस वर्षं, पाठ टेकली की
डाव्या खांद्याच्या हाडाखाली एक ओघळ टोचायचा.

या वेळी मी सगळं डब्यावर लिहिल्याबरहुकूम केलं.
जून लागेपर्यंत थांबले,
सरोवरावरचं वारं बोचायचं थांबेपर्यंत,
कारण खिडक्या सताड उघड्या हव्यात.
दुकानातला कोडी म्हणाला, आजी, माणूस बोलवा,
चारशे डॉलरमध्ये करून जाईल.
मी म्हटलं, चारशे डॉलरमध्ये
माझा राग नाही निघणार.

कडेची पुट्टी काळी पडली होती, ती लोण्याच्या सुरीनं खरवडली.
तोटीला पिशवी बांधली, वर दोन रबरबँड,
कारण ती तुझ्या बहिणीसारखी,
गप्प म्हटलं तरी थेंबथेंब बोलत राहते.
मग आम्ल. मग पाणी.
मग ओला पॉलिश पेपर,
गुडघ्यांखाली तुझं होडीतलं लाइफजॅकेट.
तुझं पांढरं सुटायला लागलं
उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखं,
खाली कारखान्याचं मूळचं, निळसर, दुधाच्या पाण्यासारखं,
आणि जिथे टवके उडाले होते
तिथे थेट लोखंड. तांबडं.

गोदीवरून यायचास तेव्हा
कानामागे, मानेच्या घडीत, नखांत
हीच तांबडी धूळ.
पाणी विटकरी व्हायचं.
लोखंडात बसून
लोखंड धुऊन काढायचास
आणि टबाभोवती एक रेघ सोडून जायचास, रोज,
ती मी पुसायची.

जाळीजवळ तुझ्या ब्रशचा एक केस होता.
रंगात आडवा, पापणीएवढा.
मी पाहिला.
पाण्यात बुडवून पेपर ओला केला,
घासला. गेला.
मग मास्क काढून जरा वेळ खिडकीशी बसले.
वास फार होता.

टवके भरले, वाळवले, बोटानं चाचपले.
पहिला हात पातळ दिला. सायीएवढा.
चार तास कॉफी आणि शब्दकोडं.
दुसरा हात उलट्या दिशेनं, श्वास रोखून,
एकही ओघळ नाही रेइनो, एकही नाही,
दिवा धरून पाहिलं, दिव्यात मी दिसले,
मास्क लावलेली, एखाद्या मुंगीसारखी.

आणि त्या सताड उघड्या खिडकीतून,
जी नियमाप्रमाणे उघडी होती,
एक डास आला.
सगळं घर सोडून
तळाच्या मधोमध बसला.
चिमटा घेऊन मी उभी.
उचलला असता तर पाय तिथेच राहिले असते,
भोवती खड्डा पडला असता,
आणि डब्यातला रंग संपला होता.
त्यानं दोनदा पंख हलवले. मग नाही.

तीन दिवस पाणी लावायचं नव्हतं.
हेल्मीच्या सौनात जाऊन आले.
दगडांवर पाणी टाकत ती विचारत होती,
कसा झालाय? मी म्हटलं, आरसा.
चौथ्या दिवशी ती स्वतःच आली, चष्मा लावून,
वाकली, म्हणाली, हे काय गं काळं?
माझ्या तोंडून पटकन निघून गेलं,
कोणाला दिसतंय.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, कॉफी टाक.

रात्री नळ सोडला.
पाणी स्वच्छ, नुसतं पाणी.
उजव्या टाचेपाशी डास, रंगाखाली, कोरडा.
पाठ टेकली.
काहीच टोचेना.
जराशी डावीकडे सरकले.
मग थोडी खाली.