दोन चौकोन

अदिस अबाबाहून आलेलं पत्रक
मी शाळेच्या पायरीवर उभं राहून वाचलं.
पहिलंच वाक्य : महिलांच्या समान हक्कांसाठी शासन कटिबद्ध आहे.
मागे बसलेली एक म्हातारी हसली,
दात नसलेलं, मोकळं हसू.
म्हणाली, सरकारची कंबर कुणी पाहिलीय, पोरी?
कंबर बांधतो आम्ही, कोंबड्याच्याही आधी.
आणि शाल बाजूला सारून दाखवला तिने
चार वेढ्यांचा सुती पट्टा,
बाळंतपणात आवळलेला, मयतीत आवळलेला,
आता निलगिरीच्या मोळीखाली.

पुढची तीन पानं मी वाचली नाहीत.
नुसता नमुना वर धरला :
जमिनीच्या दाखल्यावर यापुढे दोन चौकोन.
एकात नवऱ्याचा फोटो, एकात बायकोचा.
गहाण टाकायची, वाटून द्यायची
तर अंगठे दोघांचे.

मग प्रश्न आले. पत्रकात नव्हते असे.
त्याने दुसरी आणली तर तिसरा चौकोन काढणार का?
माझा वारला, त्याच्या जागी बैलाचा फोटो लावू?
पावसात चेहरा पुसला गेला
तर जमीनही पुसली जाते का, बाई?
मी सगळं लिहून घेतलं.
उत्तरं माझ्याकडे नव्हती,
शिक्का होता.

गेदेफावने वर्गात पांढरी चादर ताणली.
कालचे भागाकार फळ्यासकट तिच्यामागे गेले.
बायका एकेक करून बाकावर बसल्या,
केसांना लोणी लावून,
डोळे असे ताणलेले
की कुणीतरी पहिल्यांदाच काही विचारलंय
आणि उत्तर अगदी ओठांवर आहे.

आस्मामाव एकटाच आला.
बायको आजारी आहे, म्हणाला,
माझा काढून टाका, तिचं बघू नंतर.
कालच तर मी तिला नदीच्या चढावर पाहिलं होतं,
पाठीवर पिवळा कॅन, तोंडात गाणं.
मी अर्ज मिटला
आणि गोज्जामच्या त्या चिकट काळ्या मातीतून
बूट हातात घेऊन निघाले.

टेफच्या शेतात ती वाकली होती.
टेफ कुठलं आणि गवत कुठलं
मला अजून ओळखता येत नाही.
तिची बोटं न बघता उपटत होती.
नाव काय लिहू?
वर्कनेश, म्हणाली. आणि थांबली.
सासूने ठेवलंय. तू सोनं आहेस, असा अर्थ.
सोनं चांगलंच हो,
पण सोन्याच्या नावावर जमीन ऐकलीय कधी?
सोनं कुणाच्या तरी पेटीत असतं.

मग माहेरचं सांग.
बावीस वर्षांत त्या नावाने हाक आली नव्हती.
तिने ते आधी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं,
गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवून बघावी तसं.
तिरिंगो.
तिरिंगो म्हणजे महाळुंग.
बापाच्या परसात होतं एक झाड,
फळ जाड सालीचं, रस बेताचाच,
वास मात्र हात धुतला तरी जायचा नाही.

माझ्या आईचं नाव
आजवर कुठल्याच कागदावर नाही.
मामाकडे आहे तिचं शेत.
हे मी तिरिंगोला सांगितलं नाही.
नुसतं तिचं नाव लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात,
रकान्याबाहेर गेलं थोडं.

चार महिन्यांनी दाखले आले.
तिच्या फोटोत डोळे मिटलेले.
दुसरा काढायला निधी नाही, असं वरून कळवलं.
मी शाळेच्या त्याच पायरीवरून पुकारलं :
तिरिंगो आलेमू!
कुणी उठलं नाही.
आस्मामाव आजूबाजूला पाहू लागला.
पुन्हा पुकारलं.
तीही मान वळवून मागे बघत होती,
कोण बाई ही, कुठल्या गावची.

शेवटी त्या म्हातारीनेच
कमरेच्या पट्ट्याला धरून
तिला उभं केलं.