डॅशबोर्ड हिरवा आहे

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, टाइल्सच्या शोरूमवर
तिसरा मजला. आमचं ऑफिस.
लिफ्टच्या आरशावर चिकटवलंय
'आपण एक कुटुंब आहोत',
खाली कुणीतरी नखानं कोरलंय: मोठी सून कोण?

शैलेंद्र सर बेंगळुरूहून आले तेव्हा म्हणाले,
सर नको, नुसतं शैल म्हणा.
आम्ही आठवडाभर प्रयत्न केला.
बोलणी खाताना तोंडात सरच येतं.

पगार पाच तारखेचा बारावर गेला, बाराचा वीसवर.
वेळेवर येणारे पगार एकच,
अकाउंट्सचे केदा पगार, मूळचे कळवणचे.
साडेनऊला डबा टेबलावर ठेवून
कुणाकडे न बघता म्हणायचे, 'आज नाही हं.'

आम्ही रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबांचं सॉफ्टवेअर करायचो.
भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर चौकोन.
दिवसाच्या चुका मर्यादेबाहेर गेल्या की तो लाल.
ती मर्यादा माझ्या फाईलमध्ये होती,
एक आकडा. पाच.

मे महिन्यात चौकोन रोज लाल.
माझ्या शेजारच्या खुर्चीतली निलोफर अत्तार
लिहून द्यायची: रिपोर्टांवरची नावं अदलाबदल होतायत,
घाईत सोडू नका.
तिसऱ्यांदा तिनं मराठीत लिहिलं,
म्हणाली, इंग्रजी कळत नसेल कदाचित.

मीटिंगमध्ये सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
'मला प्रॉब्लेम नकोत, सोल्युशन आणा.'
'सोल्युशन म्हणजे पंधरा दिवस थांबणं,' निलोफर म्हणाली.
'बघा, ही निगेटिव्ह एनर्जी.'
मग माझ्याकडे वळून, हळू, जवळजवळ मायेनं:
'तो लाल जरा डोळ्यांत खुपतो गं.
मंगळवारी गुंतवणूकदार येतायत.'

पाचाचे पन्नास करायला
एक शून्य लागतं.
मी ते टाकलं.
इतकं हलकं काम त्या ऑफिसात
मी कधी केलं नव्हतं.

मंगळवारी चौकोन हिरवागार.
पाहुण्यांना मिसळ, वर द्राक्षांचा रस,
त्यांनी रश्श्यात पाव बुडवून विचारलं, तिखट कमी नाही का होत?
टाळ्या झाल्या. सरांनी भाषणात माझं नाव घेतलं.
रेवती म्हणाले. मी रोहिणी.

निलोफरला सुधारण्यासाठी नव्वद दिवस दिले.
पत्रात सुधारणा हा शब्द अकरा वेळा, तिनं मोजला.
चाळिसाव्या दिवशी मनीप्लांटची बाटली
केदा पगारांच्या टेबलावर ठेवून ती जिना उतरली.
लिफ्ट चालू होती तरी.

ऑगस्टात सिन्नरच्या लॅबमधून फोन:
एका बाईंना दुसऱ्याच बाईंची साखर.
डोस चुकला, दवाखान्यात नेलंय,
आता शुद्धीवर आहेत.
आता, या शब्दाशी मी किती वेळ बसले कोण जाणे.
काचेच्या केबिनमधून सर विचारत होते,
टेस्टिंगला कोण होतं? ती अत्तार ना?
सगळे पडद्याकडे बघत होते.
पडदा हिरवा होता.

घरी जाताना होळकर पुलावर ही गर्दी.
गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं.
कठड्याला टेकून एक म्हातारे मोबाईलवर कुणाला सांगत होते,
'दुतोंड्याच्या कमरेला लागलंय. छातीपर्यंत जाईल रात्री.
भांडीबाजारात सांग, खालचा माल वर घ्या.'
इतके पूर आले,
मारुतीलाच चार हात वर सरकवावं
असं या गावात कुणाला सुचलं नाही.

स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप उघडला.
मोबाईलची रेंज जात-येत होती.
शून्य खोडलं.
मग वॉचमन गांगुर्डेंना फोन लावला,
'काका, वरती जाऊन पडदा बघता का जरा?'
जिन्यातली त्यांची चप्पल ऐकू येत होती, मग कुलूप.
'लाल झालाय, ताई. बंद करू का?'
'नको,' म्हटलं. 'राहू द्या.
सकाळी सर येईपर्यंत
दिवाही चालूच ठेवा.'