परत तारीख

अल-राईच्या शुक्रवार बाजारात, जुन्या गालिच्यांच्या मागे,
इद्रीस ताडपत्रीवर खेळणी ओततो, ढिगानं.
मी उकिडवा बसतो. बाहुल्या, रिमोट, बिनशिडीचा बंब
बाजूला सारत तळाशी हात घालतो.
मालडबा बोटांना न बघता कळतो:
कड, रिव्हेटांची ओळ, सरकतं दार.
"रुबा दिनार."
अरे, चाकं कुठायत?
"म्हणून तर रुबा."

जलीबच्या खोलीत दोन खाटांच्या मधे
प्लायवूडचा तुकडा, त्यावर रुळांचं एक वेटोळं.
डबे मात्र कुठकुठले. कुणी रुंद, कुणी उंच,
एकाची बोगी दुसऱ्याला बसत नाही.
मला त्याचं काही वाटत नाही.
मी कुर्डुवाडीचा. आमच्याकडे छोटी लाईन, मोठी लाईन
आणि मधे पाठीवर पोती घेतलेले हमाल.

थिनरनं परदेशी गरुड पुसतो.
रिकाम्या रिफिलीचे तुकडे आसाला,
टाचणी वाकवून आकडा.
हलका डबा वळणावर पडतो, म्हणून नरसय्या
गॅरेजातून टायरची शिशाची वजनं आणतो, खिशातून,
आणि विचारतो, यात माल काय भरणार?
शिसं, मी म्हणतो. तो हसत नाही.

मग रेड ऑक्साइडचा हात. वाळला की
तीन केसांचा ब्रश, पांढरा रंग, श्वास रोखून अक्षरं.
दादा वर्कशॉपात हेच करायचे, तीस वर्षं:
डब्याचा नंबर, वजन, आणि खाली कोपऱ्यात
परत यायची तारीख.
"ती टाकल्याशिवाय डबा यार्डातून हलवायचा नाही,"
जेवताना सांगायचे, आम्हा पोरांना,
जणू आम्हीच डबे लपवून ठेवलेत.

अकरा डब्यांवर तारखा टाकल्या. मनाला येतील त्या.
एकावर थोरलीच्या बारावीची,
एकावर व्हिसा संपतो ती.
बाराव्यापाशी ब्रश वाळला. पुन्हा बुडवला, पुन्हा वाळला.
इथली हवाच तशी, एसीची.

इंजिन अजून परवडत नाही. बोटानं ढकलतो.
रात्री अकराला नरसय्या कुशीवर वळतो, म्हणतो,
तो शेवटचा खडखडतोय बघ.
बघतो. वजन बरोबर आहे, आस सरळ आहे.
तारीख नसलेला डबा शेपटीला लावलाय,
दादा असते तर लाल खडूनं फुली मारली असती.
आणखी एक फेरी, मी म्हणतो,
आणि बोट लावतो.