साबणदाणीखाली

बाटली माझ्याच हातून सुटली. हे आधी सांगून टाकते.
जानेवारीतली सकाळ, खोबरेल गोठलेलं,
गावच्या घाण्याचं, काचेच्या बाटलीतलं,
गरम पाण्याखाली धरलं होतं.
हात तेलकट. बाटली शाबूत राहिली.
बेसिनला मात्र तडा गेला,
नळापासून जाळीपर्यंत, केसाएवढा, जरासा वाकडा.

त्याच दिवशी मालकांना फोन करायला हवा होता.
मी साबणदाणी सरकवली.
आठ महिने ती तिथेच.
पाहुण्यांनी हात धुतले, कुणी काही बोललं नाही.

आता तोरसकर आलेत घर ताब्यात घ्यायला.
भांडुप पश्चिम, दुसरा मजला,
अकरा अकरा महिन्यांचे तीन करार,
डिपॉझिट पंचाहत्तर हजार, त्यातले वीस माझ्या बांगड्यांचे.
भर दुपारी हातात बॅटरी
आणि लाइटबिलाच्या पाठीवर यादी.

खिळे चौदा, पन्नास रुपये भोक.
मी म्हटलं, नऊ आमचे. पाच आम्ही आलो तेव्हापासून आहेत,
एकावर तुमचंच कॅलेंडर होतं.
त्यांनी चौदाचे नऊ केले, चष्मा पुसला.
स्वयंपाकघराचा रंग.
काका, पावणेतीन वर्षं इथे रोज फोडणी पडली,
भिंत पांढरी राहिली असती तर काळजी करायची.
त्यांनी रंग खोडला.

करारातलं ते कलम मला पाठ झालंय:
'नैसर्गिक झीज वगळता.'
झीज कुठे संपते, नुकसान कुठून सुरू होतं
ते मात्र त्यात नाही.
न्हाणीचं दार खालून फुगलंय, ते पाण्याचं.
खिडकी अडकते, ती गंजाची.
बेसिन माझं.

ते वाकले. उजेड साबणदाणीवर पडला
आणि पुढे सरकला.
"हे ठीक आहे," म्हणाले, बरोबरची खूण केली.
मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

खुर्च्या टेम्पोत गेलेल्या. ते खोक्यावरच बसले,
'भांडी, जपून' लिहिलेल्या.
म्हणाले, यादीचं काय, यादी होते हो.
खरं म्हणजे पैसे आत्ता नाहीत.
मंडळींच्या गुडघ्यांत गेले, मे महिन्यात. दोन्ही.
नव्या भाडेकरूंचं डिपॉझिट आलं की त्याच दिवशी तुमचे.

आणि मुलुंडला आमचा नवा मालक
आमच्या डिपॉझिटची वाट बघतोय,
त्यातून तो आणखी कुणाचे फेडणार असेल.
म्हणजे पैसे कुणाकडेच नाहीत,
नुसते या जिन्याने चढतात, त्या जिन्याने उतरतात.

तेवढ्यात एजंट आला, मागे दर्शना खरात,
दवाखान्यात रिसेप्शनला असते म्हणे.
पाणी कधी येतं, तिने विचारलं.
चोवीस तास, एजंट म्हणाला.
तोरसकरांनी फरशीकडे पाहिलं.
पाच ते सात, मी म्हटलं. सकाळी.
तिने बेसिनचा नळ सोडून बघितला
आणि हात धुवायला साबण उचलला.

मी साबणदाणीही उचलली.
खाली तिचा पांढरा गोल, आणि गोलातून जाणारा तडा,
एवढ्या महिन्यांत मळाने काळा पडलेला.
हा माझ्याकडून गेलाय, म्हटलं. माझ्या पैशांतून कापा.
आणि तू मोबाइल काढ बाई,
आल्या दिवशीच सगळ्याचे फोटो घे,
खिळ्यांचेसुद्धा.
एजंटने जीभ चावली.

तोरसकर पुन्हा वाकले, या वेळी बॅटरीशिवाय.
बराच वेळ बघत राहिले.
"बाराशे होतील?" मलाच विचारलं.
बसवणावळीसकट अठराशे, मी म्हटलं.
चौकशी केली होती. जानेवारीतच.

त्यांनी अठराशे लिहिले, रेघ मारली,
आणि रेघेखाली आपल्या हाताने:
देणे बाकी, बहात्तर हजार सातशे पन्नास.
सही केली.
तारखेची जागा मोकळी ठेवली.