दोऱ्याचं माप

माझ्या रंगाच्या पेटीत एक पांढरा दोरा असतो.
रंग लावायच्या आधी
कपाळाच्या मधोमधून हनुवटीपर्यंत ताणून धरतो,
एक डोळा मिटतो, बघतो.
सव्वीस हंगाम झाले झाडीपट्टीत,
एकही चेहरा त्या दोऱ्यात बसला नाही.
राजाचं नाक डावीकडे कललेलं,
प्रधानाचा एक कान बोटभर खाली,
नायिकेच्या दोन भुवया
जशा दोन वेगळ्या घरच्या सुना.
मी पेन्सिलीनं एक उचलतो, दुसरी उतरवतो,
मंडपातल्या शेवटच्या चटईवरून सरळ दिसेल
एवढं खोटं बोलतो. त्याचेच पैसे.

उत्पला रामटेके सरळच्या सगळ्यात जवळची.
तिला दहा मिनिटं पुरायची.

कोजागिरीनंतरच्या सोमवारी चूळ भरताना
तिच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी गळालं.
उजवा डोळा मिटेना.
मावशी म्हणाली, कबुतराचं रक्त चोळ.
शेजारीण म्हणाली, जायफळ धर गालात.
मालक म्हणाला, वारं लागलं, उतरेल,
अन् दुसरी पोरगी पाहायला गोंदियाला फोन लावला.

मी तिला मोटरसायकलवर बसवून
वैनगंगेचा पूल ओलांडून ब्रह्मपुरीला नेलं.
डॉक्टर म्हणाले, कपाळाला आठ्या घाल.
अर्ध्याच पडल्या.
हात उचलायला लावले, चालवलं, बोलवलं.
म्हणाले, मेंदूचं नाही हे, चेहऱ्याची नस सुजली आहे,
वेळेवर आलात. गोळ्या दिल्या,
डोळ्याला थेंब, रात्री पापणीवर चिकटपट्टी.
ऑपरेशन करा लागन का, तिनं विचारलं.
नाही. आरसा लागेल, म्हणाले, आणि सबुरी.

आरसा माझाच होता, चारी बाजूंनी बल्बवाला.
बल्ब काढून ठेवले.
तिवाडे मॅडमनी शिकवलं:
जोर नको. हळू. नाकपुडी फुगव,
ओठ गोल कर, दात न दाखवता हस.
आणि चांगल्या गालावर बोट ठेव, दाबून धर त्याला,
तोच फार ओढतो,
वाकडेपणा अर्धा त्याचाच आहे.

हे मला माहीत नव्हतं.
सव्वीस वर्षं मी पडलेली बाजू उचलत होतो.

भाऊबीजेच्या मंडईत तिची भूमिका दुसरीनं केली.
उत्पला विंगेत बसली, रुमाल तोंडाशी धरून,
संवाद ओठातल्या ओठात म्हणत होती.
प आणि ब तिला सापडत नव्हते.
"बाबा" म्हणायला गेली की हवा निसटायची.
एकदा रडू आलं तर डाव्याच बाजूला आलं,
अन् मग तिलाच हसू आलं, तेही डावीकडेच.

पौषात भुवई एका केसाएवढी हलली.
तिनं मला रात्री अकराला उठवून दाखवलं.
मला दिसलं नाही. दिसलं म्हणालो.
माघात मलाही दिसलं.

तिवाडे मॅडमनी एकदा माझ्याकडेच बोट केलं:
काका, तुमचा डावा जबडा जाड का हो?
खर्रा याच गालात धरता ना?
एकाच बाजूनं चावून चावून
स्नायू बैलासारखा झालाय तिकडचा.
घरी येऊन दोरा स्वतःलाच लावला.
दोरा कपाळापासून निघाला
अन् हनुवटीची खळी त्याला भेटलीच नाही.

फाल्गुनात आरमोरीला ती उभी राहिली.
हसू अजून उजवीकडे जरा उशिरा पोचतं,
थकली की डोळा लहान होतो.
मी पेन्सिल उचलली तशी तिनं मनगट धरलं.
"राहू दे ना बावा. तुले सरळ करा लागते,
मले फक्त डोळा मिटून झोपता आलं पाहिजे होतं,
ते आता येते."
मी पेन्सिल खाली ठेवली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

तिसऱ्या अंकात ती भावाला हाक मारते.
त्या रात्री हाक मारायच्या आधी ती क्षणभर थांबली,
ब जुळवत असावी.
मंडपात कुणी खोकलंसुद्धा नाही.

खर्रा काही सुटला नाही माझा.
गाल तेवढा बदलतो, आठवण झाली की.
दोरा पेटीतच आहे,
परवा त्यानं शर्टाची गुंडी लावली.